डावीकडचा त्रिकोण

जेवण झालं म्हणून त्यांनी ताट पुढं सरकवलं, तेव्हा ताटात बरोबर अर्धी भाकरी होती. मोडून उरलेली नव्हे. मधोमध सुरी फिरवावी तशी, डावीकडची अर्धी. तिच्याशेजारची वांग्याची भाजीही तशीच. उजवीकडचा भात, आमटी, लोणचं मात्र चाटूनपुसून संपलेलं.

"पोट भरलं?" मी विचारलं.

"भरतंय कुठलं? एवढीशी भाकरी केलतीस."

मी ताट अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडं आलं.

"आता कसं! आधीच वाढायचं की," असं म्हणून नवऱ्यानं उरलेली अर्धी भाकरी खाल्ली.

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं हे पहिलं जेवण. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. डावा हात आणि डावा पाय कमजोर झाला होता, ते दिसत होतं. भाकरीचं मात्र डॉक्टरांनी आधी सांगूनही मला कळलं नव्हतं. ते म्हणाले होते, "डोळे ठीक आहेत. डावीकडचं लक्ष गेलंय. त्यांच्यापुरती डावी बाजू नाहीच. आणि ती नाही, हेही त्यांना जाणवत नाही."

"परत येईल?"

"पुष्कळांचं येतं. पहिल्या काही महिन्यांत जे यायचं ते येतं. सराव द्या. त्यांच्या आवडीचं काम द्या."

मी याद्या करणारी बाई आहे. घरी आल्यावर मी यादी केली: गोळ्या, व्यायाम, काठी, न्हाणीत धरायला दांडा, पायरीला खरखरीत पट्टी. शेवटी लिहिलं, आवडीचं काम. त्यासाठी फार विचार करावा लागला नाही. आमच्या घरात आवडीचं काम एकच होतं, क्षेत्रफळ काढणं.

आमचं ताडपत्रीचं दुकान आहे, कोल्हापुरातच, लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात. दुकानांवरच्या पावसाळी छपऱ्या, ट्रॉल्यांवरची झाकणं, गच्चीवरची सावली, पाण्याच्या टाकीची टोपणं, असं सगळं आम्ही शिवून देतो. सुरुवात माझी, एका शिलाई मशीनवर. हे तेव्हा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत ड्रॉइंगच्या टेबलावर होते. तिथलं काम सुटलं तसे दुकानात आले. आल्या आल्या माझी एक गोष्ट त्यांनी बंद केली: अंदाजानं कापड काढणं.

"अंदाज लग्नात लावायचा, किती पावणं येतील त्याचा," ते म्हणाले. "कापडाला माप लागतंय."

मग त्यांनी मला दुकानाच्या फरशीवर खडूनं शिकवलं. आयताचं सगळ्यांनाच येतं, लांबी गुणिले रुंदी. त्रिकोण हा आयताचा निम्मा, म्हणून पाया गुणिले उंची, भागिले दोन. इथं उंची म्हणजे तिरकी बाजू नव्हे, सरळ उभी. निम्मं गिऱ्हाईक तिरकीच मोजून आणतं आणि कापड का उरलं म्हणून आम्हालाच विचारतं. समोरासमोरच्या दोन बाजू समांतर पण लहानमोठ्या असतील तर त्यांची बेरीज करायची, निम्मी करायची, आणि मधल्या अंतरानं गुणायची. गोलाला त्यांची स्वतःची रीत होती. व्यासाला व्यासानं गुणायचं आणि आलेल्यातला पाचवा हिस्सा सोडून द्यायचा. आठ फुटी टाकी असली तर चौसष्ट, त्यातले तेरा सोडा, एक्कावन्न. पुस्तकाप्रमाणं उत्तर पन्नासच्या आसपास येतं. वरचा एक फूट दुमडीत जातो.

"आणि वेडीवाकडी जागा असली तर?" मी विचारलं होतं.

"त्रिकोणात मोडायची. त्रिकोणात मोडत न्हाय अशी जागा न्हाय."

"गोल?"

"गोल पण मोडतोय. फक्त मोडणारा दमतोय."

आमचं काम कायम जोडीनं चालायचं. टेपचं शून्याचं टोक धरून मी डाव्या कोपऱ्यात उभी राहायची, ते टेप सोडत सोडत उजव्या कोपऱ्यात जायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. असं का, ते कधी ठरवलं नव्हतं. ते उजव्या हाताचे, चष्मा त्यांचा चांगला, आणि मला टोक घट्ट धरता येतं. चारी बाजू झाल्या की एक कर्ण मोजायचा. चार बाजू आणि एक कर्ण झाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम. चार बाजू सारख्या असूनही जागा कलंडलेली असू शकते, ते कर्णावरून कळतं. त्या एका कर्णापायी आम्ही किती गिऱ्हाइकांच्या अडगळीच्या खोल्या उपसल्या असतील!

एकदा शाहूवाडीकडचे एक शेतकरी आले. भाताच्या पेंढ्याची गंज रचली होती, तिला टोपी पाहिजे म्हणाले. गंज म्हणजे खाली गोल आणि वर टोक. मी म्हटलं, हे आपल्याला जमायचं नाही. हे दोरी घेऊनच निघाले. गंजीभोवती दोरी फिरवली, अडतीस फूट भरली. मग मला खाली उभं करून, शिडीवरून टोकापासून कडेपर्यंतचा उतार मोजला, दहा फूट. "घेराचं निम्मं गुणिलं उतार," ते वरूनच ओरडले, "एकोणीस धाय, एकशे नव्वद!" शेतकऱ्याची बायको पदर तोंडाला लावून मला म्हणाली, "तुमचं मालक वर चढलं की लई खूश असत्यात जणू." होय, असायचे. टोपी बसली तेव्हा ती इतकी चपखल होती की त्यांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या.

तर हे सगळं मला परत हवं होतं. दुकान मला एकटीला चालवता येत होतं. मापं मला येतात, कात्री माझीच, मशीन माझंच, मदतीला एक बाई ठेवली होती. अडत काहीच नव्हतं. पण डाव्या कोपऱ्यात टोक धरून उभं राहायचं आणि उजवीकडून आकडा ऐकू यायचा, यात माझं निम्मं आयुष्य गेलेलं. तो आकडा परत ऐकू यावा, यासाठी मी त्या महिन्यांत जे काही केलं ते केलं.

रोज सकाळी व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. वयानं आमच्या भाचीएवढी, बोलायला चुरचुरीत. तिनंच सांगितलं, की कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवा. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, लाल दिसलं की मग कामाला सुरुवात. मी कागदाला लाल पट्टी लावली, ताटाच्या कडेला लाल दोरा बांधला, आरशाला लावली, पलंगाला लावली.

ती मुलगी म्हणायची, "काका, डावीकडं बघा. काकू तिथं बसल्यात."

"बसू दे की. पळून जाती व्हय?"

"बघा तरी एकदा."

"रोज बघतोय. बघून बघून म्हातारा झालो."

ती हसायची, मीही हसायची. मान मात्र वळायची नाही.

मी गणितं घालायला लागले. आयत भराभर सुटायचे. गुणाकार जसाच्या तसा होता, पाढे माझ्यापेक्षा जलद. मग मी एक छपरी काढून दिली. वरची बाजू दहा फूट, खालची सोळा, उंची आठ. म्हणजे मधे दहाचा आयत आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट पायाचा एकेक त्रिकोण. बाजारात अशा छपऱ्या पायलीच्या पन्नास. त्यांनी कागदावर नजर फिरवली आणि म्हणाले, "ब्याण्णव."

मुलीनं मोबाइलवर हिशेब केला. "एकशे चार येतंय काका."

"मग मशीन बिघडलंय तुमचं."

"कसं काढलं सांगा की," मी म्हटलं.

"मला शिकवतीस? हा आयत, आठ धाय ऐंशी. हा त्रिकोण, तीन गुणिलं आठ, निम्मं, बारा. ऐंशी आणि बारा ब्याण्णव. चुकलं व्हय?"

चुकलं नव्हतं. त्यांना जेवढं दिसत होतं, तेवढ्याचं ते अगदी बरोबर होतं. बेरीज, गुणाकार, निम्मं करणं, सगळं जागच्या जागी. डावीकडचा त्रिकोण तेवढा कागदावर असून नव्हता.

मला वाटलं, भाकरीसारखं करून बघावं. मी कागद उलटा केला. वरचं खाली गेलं, डावीकडचा त्रिकोण उजवीकडं आला.

"आता काढा."

त्यांनी पुन्हा बघितलं. तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि पेन्सिल खाली ठेवली. "ब्याण्णव! दोन्हीकडनं ब्याण्णव येतंय. आता बोला."

आणि माझ्याकडं, म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटत होतं तिकडं, उजवीकडं, बघून जिंकल्यासारखे हसले. मी डावीकडं बसले होते. मुलीनं मान खाली घातली आणि त्यांच्या पायाचा व्यायाम घ्यायला लागली.

पण मी सोडलं नाही. रोज एक छपरी काढायची. लाल पट्टी आणखी जाड केली. त्यांचा उजवा हात धरून तो पट्टीवर ठेवायचा आणि तिथून बोट सरकवत आणायचं. बोट त्रिकोणावरून गेलं की कधी कधी त्रिकोण सापडायचा. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून आवाज आला, "एकशे चार."

मी हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आले.

"किती म्हणालात?"

"एकशे चार. हीकडं एक बारा ऱ्हायलं होतं." लाल पट्टीपाशी त्यांनी पेन्सिलीनं एक बारीक फुली केली होती. "कागद तिरका धरून देतीस, मग दिसायचं कसं?"

मी म्हटलं, "उद्यापासून सरळ धरते." त्या दिवशी मी दुकानात गेले ती हवेतच. मदतनीस बाईला सांगितलं, महिन्याभरात मालक येतील बघ. माझ्या यादीत मी त्यांच्यासाठी कामं मांडायलाही घेतली होती.

त्याच आठवड्यात हुपरीचे एक चांदीवाले आले. जुनं गिऱ्हाईक. घराच्या मागच्या अंगणात पैंजण जोडायला बायका बसतात, त्यांच्या डोक्यावर सावली पाहिजे होती. मी म्हटलं, मी येऊन माप घेते.

"वहिनी, तुम्ही याच. पण मालकांना आणा की. मी गाडी घेऊन येतो. गेल्या वेळचं त्यांनी केलेलं अजून टकाटक हाय."

त्यांना सगळं माहीत नव्हतं. पॅरालिसिस झाला, आता बरं आहे, एवढंच मी बाजारात सांगितलं होतं. मी हो म्हटलं. एकशे चार डोक्यात होतं.

निघताना मी लाल साडी नेसले. दुसऱ्याच्या अंगणाला मी पट्टी कुठं चिकटवणार? टेपचं टोक घेऊन डावीकडं मीच उभी राहणार होते, म्हणजे लाल मीच व्हायचं. नेसताना मला माझं हसू आलं. तेही म्हणाले, "नवरी दिसतीस. कुठं लग्नाला जायाचं हाय व्हय?" रंग त्यांना दिसत होता, कारण मी उजव्या हाताला उभी होते.

हुपरीला अंगणात चटईवर चारपाच बायका पैंजणांच्या कड्या जोडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी डबे आणि चिमटे गोळा केले आणि भिंतीकडेला सरकल्या. मी जागेवर नजर टाकली. घराची भिंत, उजवीकडची भिंत सरळ, समोरची भिंत लांब. डावीकडची भिंत तिरकी, बाहेर कललेली. म्हणजे आयत आणि डावीकडं एक त्रिकोण. मनात म्हटलं, नेमका डावीकडंच असायचा होता.

मी टेपचं टोक घेऊन घराच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात गेले. ते काठी टेकत, टेप सोडत उजव्या कोपऱ्यात पोचले. चांदीवाले त्यांच्याशेजारी उभे राहिले. अंगणाकडं तोंड करून त्यांनी टेप ताणला.

"धर की गं टोक."

"धरलंय."

"कुठं हाईस?"

"इथंच. धरलंय."

माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, उजवीकडं. तिथं भिंत होती. आणखी वळले, काठीवर भार देऊन जवळजवळ पाठमोरे झाले. टेप त्यांच्या हातात ताणलेला होता, त्याचं दुसरं टोक माझ्या मुठीत होतं, आणि ते मला भिंतीकडं शोधत होते.

"अगं, कुठं गेलीस?"

"मी हितं हाय!" माझ्या तोंडून गावाकडचं निघालं, इतकं मोठ्यानं की बायकांचे हात थांबले.

एक तरुण बाई फिस्सकन हसली. तिला वाटलं असावं, नवरा-बायकोची थट्टा चालली आहे. दुसरीनं तिला कोपर मारलं. मी टोक सोडून त्यांच्याकडं जावं तर माप जाणार, आणि मी गेले असते तर सगळ्यांपुढं त्यांना काय सांगणार होते? मी लाल साडी नेसून कोपऱ्यात उभी राहिले.

शेवटी त्यांनी शोधणं सोडलं. "एकवीस," ते म्हणाले. आकडा त्यांच्या बाजूला होता, तो बरोबर वाचला. मग उजवी भिंत झाली, तिला टोक चांदीवाल्यांनी धरलं. "चौदा. एकवीस चोक चौऱ्याऐंशी, एकवीस धाय दोनशे धा. दोनशे चौऱ्याण्णव. झालं."

"समोरची भिंत घेऊ या ना," मी म्हटलं.

"काय कारण? आयत हाय की डोळ्यासमोर."

"कर्ण तरी..."

"आयताला कर्ण कशाला? लोकांची कामं खोळंबल्यात."

आयताला कर्ण कशाला, हे गिऱ्हाईक म्हणायचं. ते म्हटलं की हेच हसायचे आणि सांगायचे, आयत हाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? आता ते स्वतः म्हणाले आणि काठी फिरवून घराकडं निघाले.

चांदीवाल्यांनी डावीकडच्या भिंतीकडं बोट केलं. "मालक, पण हा तिरका कोपरा..."

"कुठला कोपरा?"

चांदीवाल्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको. भला माणूस. त्यांनी लगेच विषय बदलला, "चला, चला, आधी चहा घेऊ या," आणि त्यांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं. मग परत बाहेर आले. आम्ही दोघांनी समोरची भिंत मोजली. शून्याचं टोक त्यांनी धरलं आणि मी आकड्याच्या टोकाला उभी राहिले. त्या टोकाला मी तोवर कधी उभी राहिले नव्हते. सत्तावीस. मग कर्ण घेतला. सहा फूट पाया, चौदा उंची, त्रिकोण बेचाळीसचा. दोनशे चौऱ्याण्णव आणि बेचाळीस, तीनशे छत्तीस. दुमडीला सगळीकडून चार बोटं.

"वहिनी, कधीपासून हाय हे?" चांदीवाल्यांनी हळू विचारलं.

"सुधारतंय," मी म्हटलं. "घरी कागदावर येतंय त्यांना."

परतीच्या वाटेवर ते खूश होते. गाडीत पाठीमागं माझ्या डाव्या हाताला बसले होते, म्हणून मी त्यांना दिसत होते. म्हणाले, "बघ, हात आधीसारखा बसला. गडबडीत होतीस तू, टोक नीट धरत न्हवतीस." मी म्हटलं, साडी पायात येत होती.

मी सावली तीनशे छत्तीसची शिवली. दुसरं काय करणार? दोनशे चौऱ्याण्णवची शिवली असती तर चांदीवाल्यांकडच्या कामाच्या बायका उन्हात बसल्या असत्या. मदतनीस बाई आणि मी, आम्ही दोघींनी डावीकडचा त्रिकोण वेगळा कापून जोडला. ती शिलाई मी स्वतः मारली. बसवायला माणसं गेली, त्यांच्याबरोबर मीही गेले. ती नीट बसली. मी घरी येऊन सांगितलं, बसली. ते म्हणाले, "बसायलाच पायजे."

आणि तिथंच ते थांबलं असतं. पण दोन-तीन दिवसांनी चांदीवाल्यांचा फोन आला, माझ्या नव्हे, ह्यांच्या फोनवर. त्यांना बरं वाटावं, म्हणूनच केला असणार. उजव्या हातानं त्यांनी तो उचलला आणि नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. मी तांदूळ निवडत होते.

"मालक, एक नंबर काम! कोपऱ्यासकट झाकलंय. तुमच्या मापाला तोड न्हाय."

"कोपरा कुठला?"

"तो तिरका हो, शेजाऱ्याकडचा. काय बसलाय! सांधा पण दिसत न्हाय."

त्यांनी फोन खाली ठेवला. चांदीवाले जरा वेळ हॅलो हॅलो करत राहिले, मग फोन बंद झाला.

"किती कापलंस?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. पण मापाच्या बाबतीत आमच्या घरात कोणी कधी खोटं बोललेलं नव्हतं, आणि ते मला त्या वेळी सुचलंही नाही.

"तीनशे छत्तीस."

"मी किती सांगितलतं?"

"दोनशे चौऱ्याण्णव."

"मग बेचाळीस कुठलं?"

मी उठून त्यांच्या उजवीकडं गेले आणि सांगितलं. डावीकडची भिंत तिरकी होती. सहा फूट पायाचा त्रिकोण होता. तुम्हाला दिसला नाही. डॉक्टर म्हणाले होते ते हेच. कागदावर तुम्हाला येतंय, तसं बाहेरही येईल. मी भरभर बोलत होते, यादी वाचल्यासारखी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी ते मानलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. डॉक्टरांचं त्यांनी मानलं नव्हतं, त्या मुलीचं मानलं नव्हतं, भाकरीचं मानलं नव्हतं. बेचाळीसचं मानलं. तो आकडा हवेतून येऊ शकत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"तिथं सगळ्यांस्नी दिसत होता?"

"हो."

"त्या बायास्नी पण?"

मी मान डोलावली.

"मग मला तिथं नेलंस कशाला?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. तुम्ही एकशे चार म्हणालात म्हणून. माझ्या मनात फार घाई होती म्हणून. टेपच्या त्या टोकाकडून आकडा ऐकायचा होता म्हणून. यातलं एकही बोलता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "गाडी आली होती ना, म्हणून."

दुसऱ्या सकाळी मी छपरीचा कागद पुढं ठेवला. त्यांनी पेन्सिल उचलली नाही. "तूच काढ. तुला येतंय की." रागानं नाही म्हणाले. दुकानात कोणी चुकीचा पत्ता विचारत आलं की सांगायचे, तसं म्हणाले. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही. मी साधा आयत काढून दिला, गोल काढून दिला, मुद्दाम चुकीचं उत्तर लिहून तपासायला दिलं. ते कागद बाजूला करायचे, उजव्या बाजूला, आणि टीव्ही लावायचे.

मुलगी जाताना मला दारापर्यंत घेऊन गेली. "काकू, जबरदस्ती नको. पण सराव थांबला की..." डॉक्टर म्हणाले होते ते पहिले महिने सरत आले होते, हे तिलाही माहीत होतं. हात सुधारला, पाय सुधारला. काठी सुटली. डावी बाजू आली नाही. डॉक्टर म्हणाले, आता फार फरक पडेल असं नाही. ताट मी मधेच फिरवते. आता ते काही म्हणत नाहीत, उरलेलं जेवतात.

परवा सकाळी मी दुकानात उशिरा जाणार होते, म्हणून व्यायामाच्या वेळी घरीच होते. तिघांचा चहा केला आणि माझा कप घेऊन त्यांच्या डाव्या हाताशी, नेहमीच्या खुर्चीवर बसले. त्यांचा कप त्यांच्या उजवीकडं ठेवला. मुलगी त्यांची बोटं उघडत-मिटत होती. त्यांनी चहाकडं बघितलं आणि हात लावला नाही.

"काका, चहा घ्या. गार होतोय."

"थांब जरा. ती येऊ दे."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. आमच्या खुर्च्यांमध्ये हातभरही अंतर नव्हतं.

"काकू कुठं गेल्यात?" तिनं हळूच विचारलं. तिला त्यांची मान वळवायची होती, तिचं कामच ते.

"मापाला गेली असंल. आता एकटीच घेती ती मापं. चांगली घेती. चुकत न्हाय. पण टेपचं एक टोक धरायला कोण असतंय तिला, कुणास ठाऊक. एकट्यानं टेप सुटतोय."

मी कप खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवला. मुलगी माझ्याकडंच बघत होती. मी बोलले असते तर त्यांनी मला उजवीकडं शोधलं असतं, भिंतीत. ते मला बघायचं नव्हतं.

मी कप घेऊन उठले, त्यांच्या खुर्चीमागून वळसा घेतला आणि उजवीकडं स्टूल ओढून बसले.

"आलीस व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "लई येळ लावलास."

"लागला जरा."

त्यांनी कप उचलला. आम्ही चहा घेतला. मी बाहेरून आले की बाकी काहीही विचारायच्या आधी ते विचारायचे, आज काय काय आकार होते? त्यांनी विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली, मग कप गोळा करून आत गेले.